माग आणि हमी

पेशवाईच्या काळीं देशावरील एखाद्या खेड्यांत रात्रीं चोरी झाली, म्हणजे पहांट होतांच गांवचा रामोशी चोराच्या पावलांचा माग काढीत निघे. हा माग ओढ्यांतून, पांदींतून, नांगरलेल्या शेतांतून जात जात शेजारच्या गांवाच्या शिवेवर आला, कीं तेथें तो थांबे. मग शिवेपलीकडील गांवच्या रखवालदारांस बोलावून पावलें दाखविलीं जात. आणि त्यांनीं तीं मान्य केलीं, म्हणजे पहिल्या गांवावरील जबाबदारी उतरून ती दुसऱ्या गांवावर चढे. दुसऱ्या गांवानें माग तिसऱ्याच्या शिवेवर नेऊन पोंचवावा, नाहीं तर चोरीस गेलेला माल भरून द्यावा, असा रिवाज होता. एका हद्दीनें दुसऱ्या हद्दीशीं सहकार्य करण्याची ही आपल्याकडील फार जुनी रीति होय. लेखी करार नाहीं, मोहोर नाहीं, शिवेवरचा एक दगड आणि दोन गांवांचा शब्द, एवढ्यावर ती चाले.

परंतु हें सहकार्य चोर पकडण्यापुरतें होतें. पकडलेला मनुष्य पुढें सुटला, तर त्यानें नीट वागावें याची काळजी कोणी घ्यावयाची? त्यासाठीं त्या काळीं दुसरी एक संस्था होती. तिचें नांव जामीनकी. संशयितास वा अपराध्यास सोडतांना सरकार त्याजपासून जामीन घेई, आणि हे जामीन निरनिराळ्या प्रकारचे असत. बोलावल्या वेळीं मनुष्यास हजर करीन असें म्हणणारा तो हाजीरजामीन. याची चालचलणूक नीट राहील अशी हमी घेणारा तो चालजामीन. आणि पैशाची हमी देणारा तो मालजामीन. यांपैकीं चालजामीन या शब्दाकडे विशेष लक्ष दिलें पाहिजे. आजच्या कायद्यांत ज्यास परिवीक्षा म्हणतात, म्हणजे अपराध्यास तुरुंगांत न डांबतां सद्वर्तनाच्या अटीवर व कोणाच्या तरी देखरेखीखालीं समाजांत राहूं देणें, त्याचें बीज या एका शब्दांत आहे. चालजामीन राहणारा मनुष्य बहुधा त्याच गांवचा, त्याच भावकीचा असे. तो आपल्या जामिनास रोज पाहत असे. त्याच्या घरीं चूल पेटली कीं नाहीं हें त्यास ठाऊक असे. म्हणूनच ती हमी खरी होती. पण तिची मर्यादाहि तीच होती. मनुष्य शीव ओलांडून परमुलखीं गेला, कीं चालजामिनाची नजर तेथें पोंचत नसे. माग शिवेपलीकडे जाऊं शके, हमी जाऊं शकत नसे.

पुढील सव्वाशेंदीडशें वर्षांचा इतिहास पाहिला, तर राज्यें बदललीं, कायदे बदलले, तरी ही उणीव मात्र दीर्घकाळ तशीच राहिली असें दिसून येतें.

१८१८ सालीं पेशवाई बुडाली आणि पुण्यावर कंपनीचा अंमल सुरू झाला. परंतु सारा महाराष्ट्र एका अंमलाखालीं आला नाहीं. पुण्याहून दक्षिणेस पंधरासोळा कोस चालून गेलें, कीं भोर संस्थान लागे. त्यापुढें फलटण, औंध, जत, सांगली, मिरज, कोल्हापूर अशीं लहानमोठीं संस्थानें पसरलीं होतीं. पूर्वेस मराठवाडा निजामाच्या राज्यांत होता, आणि वऱ्हाड-नागपूर पुढें मध्यप्रांतांत गेलें. मराठी बोलणारा एकच समाज, पण त्यावर न्यायाधीश अनेक, तुरुंग अनेक आणि शिवा तर असंख्य, अशी ही स्थिति होती. औंधासारख्या संस्थानाची तर गोष्टच निराळी. त्याचे तुकडे एकमेकांपासून दूर दूर फेंकलेले. खुद्द औंध सातारा जिल्ह्याच्या पोटांत, आटपाडी पूर्वेस माणदेशांत, आणि गुणदाळ पार विजापुराकडे. एका संस्थानिकाच्या प्रजेस आपल्याच राज्याच्या एका भागांतून दुसऱ्यांत जातांना परक्या हद्दींतून जावें लागे.

अशा मुलखांत गुन्हेगार पकडण्याची व्यवस्था मात्र इंग्रज सरकारनें चोख केली. भोर संस्थानाचा पोलिटिकल एजंट म्हणून पुण्याच्या कलेक्टरानेंच काम पाहावें, अशी सोय झाली. १९०३ सालीं अपराध्यांच्या परस्पर सोंपवणुकीचा कायदा झाला, आणि संस्थानांत गुन्हा करून खालसा मुलखांत पळालेला मनुष्य पोलिटिकल एजंटाच्या वारंटावर परत धाडतां येऊं लागला. पुण्यांत बोटांच्या ठशांचें कार्यालय निघालें. रामोशाच्या डोळ्यांनीं ओळखावयाच्या पावलांची जागा आतां कागदावर उमटलेल्या बोटांनीं घेतली. १८९८ च्या फौजदारी कामकाजाच्या कायद्यांत आणखी एक कलम होतें. कांहीं अपराधांत पूर्वीं शिक्षा झालेल्या मनुष्यास पुन्हा शिक्षा झाली, तर सुटल्यावर पांच वर्षांपर्यंत त्यानें आपला राहण्याचा पत्ता व त्यांतील फेरबदल कळवीत राहावें, असा हुकूम कोर्टास करतां येई. थोडक्यांत, माग काढण्याची विद्या शिवेपलीकडे, प्रांतापलीकडे, समुद्रापलीकडेहि पोंचली.

याच विद्येचा अतिरेक गुन्हेगार जमातींच्या कायद्यांत झाला. १८७१ सालीं उत्तर हिंदुस्थानासाठीं झालेला हा कायदा १९११ सालीं सर्व देशास लागू करण्यांत आला, आणि १९२४ सालीं त्यास नवें रूप मिळालें. त्याअन्वयें संपूर्ण जमातींच्या जमाती जन्मतःच गुन्हेगार म्हणून नोंदल्या गेल्या. हजेरी द्यावयाची, दाखल्यावांचून गांव सोडावयाचें नाहीं, बोटांचे ठसे द्यावयाचे. आणि सरकारच्या मर्जीस आलें, तर कुटुंबासह सोलापुरासारख्या ठिकाणच्या तारेच्या कुंपणांतील वसाहतींत जाऊन राहावयाचें. पोटासाठीं गांवोगांव हिंडणाऱ्या लोकांवर ही देखरेख बसली, तेव्हां प्रत्येक शीव हाच त्यांचा गुन्हा ठरला. देखरेख म्हटली म्हणजे तींत कांहीं तरी केलेला अपराध, ठरलेली मुदत आणि सुटण्याची वाट या तीन गोष्टी असावयास पाहिजेत. येथें तिहींपैकीं एकहि नव्हती. मूल पाळण्यांत असतांनाच त्याचें नांव संशयाच्या छायेंत येई. मुंबई प्रांतानें हा कायदा १९४९ सालीं रद्द केला, व ३१ ऑगस्ट १९५२ पासून तो सर्व देशांतून गेला. पण ऐंशी वर्षें एखाद्या समाजास चोर म्हणत राहिलें, कीं तो शब्द कायद्याबरोबर पुसला जात नाहीं, याचा अनुभव भटक्या-विमुक्तांस पुढेंहि येत राहिला.

अटीवर सुटका होणें म्हणजे काय, हें पुण्याच्या सुशिक्षित वर्गास कळलें तें मात्र निराळ्या मार्गानें, म्हणजे राजकीय बंदिवानांमुळें. १८७१ सालीं बांधलेला येरवड्याचा तुरुंग या बाबतींत एक पाठशाळाच ठरला. लोकमान्य टिळकांस १४ सप्टेंबर १८९७ रोजीं दीड वर्षांची शिक्षा झाली. मॅक्स म्युल्लर, विल्यम हंटर इत्यादि विद्वानांनीं त्यांच्या सुटकेसाठीं अर्ज केला, आणि मुदतीपूर्वीं, ६ सप्टेंबर १८९८ च्या रात्रीं, येरवड्याहून त्यांची मुक्तता झाली. ती बिनशर्त नव्हती. सुटकेनिमित्त होणाऱ्या समारंभांत भाग घ्यावयाचा नाहीं, आणि पुन्हा तसाच अपराध शाबीत झाल्यास सोडलेले सहा महिने भोगावयाचे, अशा अटी होत्या. येथें देखरेख करणारा कोणी अधिकारी नेमलेला नव्हता; शिलकी शिक्षेचें ओझें हीच काय ती देखरेख.

सावरकरांच्या बाबतींत अटींचें स्वरूप पालटलें. शिक्षा मुंबईस, कारावास अंदमानांत, १९२१ नंतर बंगालमधील अलीपूर, मग रत्नागिरी व शेवटीं येरवडा, असा त्यांच्या बंदिवासाचा प्रवास अनेक अधिकारक्षेत्रांतून झाला. ६ जानेवारी १९२४ रोजीं ते येरवड्याहून सुटले, ते रत्नागिरी जिल्ह्यांत राहावें, परवानगीवांचून जिल्ह्याबाहेर जाऊं नये, आणि पांच वर्षें राजकारणांत पडूं नये, अशा अटींवर. ही पांच वर्षांची मुदत वाढत वाढत १९३७ पर्यंत गेली. एका मनुष्याभोंवतीं जिल्ह्याची हद्द हीच तुरुंगाची भिंत झाली. अटीवरच्या सुटकेंत मुदत निश्चित नसेल, तर ती सुटका लांबलेल्या शिक्षेसारखीच होते, हा धडा या प्रकरणांतून घेण्यासारखा आहे; मग त्या पुरुषाच्या मतांविषयीं कोणाचें कांहींहि म्हणणें असो.

तिसरें उदाहरण महात्मा गांधींचें. १९३३ सालच्या ऑगस्टच्या आरंभीं त्यांस येरवड्यास आणण्यांत आलें. ४ ऑगस्ट रोजीं सरकारनें त्यांस सोडलें व हुकूम दिला, कीं येरवड्याची हद्द सोडून पुणें शहरांत राहावें. गांधींनीं तो मानला नाहीं. तत्काळ त्यांस पुन्हा पकडण्यांत आलें, त्याच दिवशीं खटला चालला आणि एक वर्षाची शिक्षा झाली. अट ही नुसती सरकारच्या इच्छेनें बसत नाहीं, सुटणाऱ्यानें ती पत्करावी लागते, हें त्या दिवशीं दिसून आलें. पुढें त्यांनीं उपोषण आरंभिलें. प्रकृति ढांसळल्यामुळें त्यांस ससून रुग्णालयांत हलविलें आणि २३ ऑगस्ट रोजीं बिनशर्त सोडून दिलें. आतां कोणतीहि अट उरली नव्हती. तरीहि गांधींनीं आपण होऊन जाहीर केलें, कीं शिक्षेचें वर्ष संपेपर्यंत, म्हणजे ३ ऑगस्ट १९३४ पर्यंत, आपण सविनय कायदेभंग करणार नाहीं. त्याच वर्षांत हरिजनकार्यासाठीं त्यांनीं देशभर दौरा केला. कित्येक प्रांत व संस्थानें ओलांडलीं. त्यांजवर कोणाच्या हजेरीचें बंधन नव्हतें, तरी दिलेला शब्द त्यांनीं शिवेशिवेवर पाळला. इंग्रजींत अशा सुटकेस पॅरोल म्हणतात, आणि मूळ फ्रेंच भाषेंत त्या पदाचा अर्थ शब्द, वचन असाच आहे. मराठींतील अभिवचन रजा हें नांव त्या दृष्टीनें अगदीं यथार्थ होय.

परंतु थोर पुरुषांच्या शब्दावर कायद्याची इमारत उभी करतां येत नाहीं. पोटासाठीं चोरी केलेला, रागाच्या भरांत कुऱ्हाड उगारलेला सामान्य मनुष्य शब्द पाळील काय, हा खरा प्रश्न होता. त्याचें उत्तर शोधण्याचें धैर्य मोठ्या प्रांतानें नव्हे, तर त्याच तुकड्यातुकड्यांच्या औंध संस्थानानें केलें. राजे भवानराव पंतप्रतिनिधि यांनीं १९३८ सालीं प्रजेस स्वराज्य देण्याचें जाहीर केलें, आणि त्यानुसार १९३९ सालीं नवी घटना अमलांत आली. या कामीं त्यांचे चिरंजीव अप्पासाहेब पंत आणि मॉरिस फ्रीडमन ऊर्फ भारतानंद हे पोलिश इंजिनिअर यांचा हात होता. त्याच १९३९ सालीं फ्रीडमन यांच्या कल्पनेनें आटपाडीनजीक स्वतंत्रपूर ही कैद्यांची मुक्त वसाहत निघाली. भिंत नाहीं, बेडी नाहीं. माणदेशाची कोरडी जमीन, पाऊस बेताचा, आणि ती कसून दाखविण्याची जबाबदारी शिक्षा भोगणाऱ्यांवर. चारी बाजूंस दुसऱ्या अंमलाची हद्द जवळच होती. पळून जाणाऱ्यास अडविणारें तेथें फारसें कांहीं नव्हतें. तरीहि वसाहत टिकली. १९४८ सालीं औंध, भोर, फलटण आदि दक्षिणी संस्थानें मुंबई प्रांतांत विलीन झालीं. संस्थान गेलें, पण स्वतंत्रपूर राहिलें. आज ती वसाहत सांगली जिल्ह्यांत असून, कैदी तेथें कुटुंबासह राहून शेती करतात. या प्रयोगावरूनच स्फूर्ति घेऊन ग. दि. माडगूळकरांनीं कथा रचली, व व्ही. शांताराम यांनीं १९५७ सालीं ‘दो आंखें बारह हाथ’ हा बोलपट काढला. माडगूळकर हे स्वतः माणदेशचेच, हें ध्यानांत घेण्यासारखें आहे.

स्वतंत्रपुरानें एक गोष्ट सिद्ध केली. मनुष्यास धरून ठेवण्यास घर, काम आणि विश्वासानें पाहणारा कोणी तरी, एवढें पुरतें. म्हणजे जुना चालजामीनच, पण नव्या रूपांत.

कायद्यासहि हें हळूहळू उमगत होतें. अमेरिकेंतील बोस्टन शहरीं जॉन ऑगस्टस नांवाच्या एका चांभारानें १८४१ सालीं कोर्टांत उभ्या असलेल्या एका दारुड्याची हमी स्वतः घेतली. त्यास सुधारून दाखविलें, आणि पुढें शेंकडों जणांची हमी घेतली. जगांतील परिवीक्षेचा आरंभ या गृहस्थापासून मानतात. आपल्याकडे १८९८ च्या कायद्याच्या ५६२ व्या कलमानें पहिल्याच अपराधाबद्दल कोर्टापुढें आलेल्यास सद्वर्तनाच्या मुचलक्यावर सोडण्याची सवलत दिली. पण त्याजकडे लक्ष ठेवण्यास वा त्यास हात देण्यास कोणी नेमलेला नव्हता. १९१९-२० च्या तुरुंग समितीनें शिक्षेचा हेतु सुधारणा हा असला पाहिजे, असें आग्रहानें मांडलें. मग मद्रास व मध्यप्रांत यांनीं १९३६ सालीं, आणि बाळासाहेब खेरांच्या मंत्रिमंडळाच्या कारकीर्दींत मुंबई प्रांतानें १९३८ सालीं, परिवीक्षेचे स्वतंत्र कायदे केले. मात्र या कायद्यांची सत्ता आपापल्या प्रांतापुरतीच. पुण्यास एक कायदा, नागपुरास दुसरा; आणि नांदेड-औरंगाबादेकडे, म्हणजे हैदराबाद संस्थानांत, तर तो १९५३ पर्यंत नव्हताच. नांदेडकडील मजूर पुण्यास कामास आला व हातून प्रमाद घडला, तर त्यास सद्वर्तनाच्या अटीवर घरीं कोणीं धाडावें, आणि घरीं त्याजवर नजर कोणीं ठेवावी? रामोशाचा माग पुण्याहून नांदेडास जाऊं शकला असता, चालजामिनाची हमी जाऊं शकत नव्हती.

१९५८ सालीं सर्व देशासाठीं अपराधी परिवीक्षा कायदा झाला आणि ही अडचण निम्मी तरी दूर झाली. त्याच्या चौथ्या कलमांत एक लहानशी पण मोलाची तरतूद आहे. अपराध्यास वा त्याच्या जामिनास कायमचें घर किंवा नियमित धंदा असला पाहिजे. पण तो कोर्टाच्या हद्दींतच असावा असें नव्हे. परिवीक्षेच्या मुदतींत अपराधी जेथें राहण्याचा संभव आहे, तेथें असला तरी चालतो. तसेंच अपराधी ज्या जिल्ह्यांत राहावयास गेला, तेथील जिल्हा मॅजिस्ट्रेटास त्याजसाठीं दुसरा परिवीक्षा अधिकारी नेमतां येतो. म्हणजे शिवेवर माग सोंपवावा तशी हमी सोंपविण्याची वाट कायद्यानें मोकळी केली. परिवीक्षा अधिकाऱ्यानें केवळ हजेरी घ्यावयाची नसून, आपल्या मनुष्यास योग्य काम मिळवून देण्यास झटावयाचें, असेंहि त्यांत सांगितलें आहे. पुण्यांतील महाराष्ट्र राज्य परिवीक्षा व अनुरक्षण संघटनेसारख्या संस्था याच भावनेनें निघालेल्या आहेत.

निम्मी अडचण मात्र शिल्लक राहिली. राज्यघटनेप्रमाणें तुरुंग हा राज्यांचा विषय आहे. प्रत्यक्ष कैद्यास एका राज्यांतून दुसऱ्यांत हलविण्यासाठीं १९५० चा कायदा आहे. त्यास दोन्ही सरकारांची संमति लागते. पण संचित रजा, अभिवचन रजा व मुदतपूर्व सुटका यांचे नियम प्रत्येक राज्याचे वेगळे. महाराष्ट्रांत ते १९५९ सालीं झाले. येरवड्यांतील कैद्याचें घर परराज्यांत असलें, कीं त्याच्या गांवच्या पोलिसांचा अभिप्राय येईपर्यंत त्याची रजा कागदांत अडकून राहण्याचा संभव फार. आई अंथरुणास खिळलेली असते, मुलीचें लग्न ठरलेलें असतें, आणि दोन सरकारांमधील पत्र अजून वाटेवरच असतें.

अमेरिकेंत हाच प्रश्न अधिक तीव्र होता. कारण तेथें प्रत्येक संस्थानाचें फौजदारी शासन स्वतंत्र. १९३४ सालीं त्यांच्या काँग्रेसनें संस्थानांस आपसांत करार करण्यास संमति दिली, १९३७ सालीं पंचवीस संस्थानांनीं तसा करार केला, आणि १९५१ पर्यंत तत्कालीन अठ्ठेचाळीसहि संस्थानें त्यांत सामील झालीं. २००२ सालीं त्या जागीं नवा करार अमलांत आला असून, आतां पन्नासहि संस्थानें त्याच्या कक्षेंत आहेत. त्याचें तत्त्व साधें आहे. अपराध्यास परक्या संस्थानांत नुसतें ढकलून द्यावयाचें नाहीं. तेथील अधिकाऱ्यांनीं प्रथम घर व काम यांची चौकशी करावयाची. स्वीकार केल्यावर मात्र आपल्या माणसांवर ठेवतील तशीच देखरेख व तशीच मदत त्यास द्यावयाची. त्यानें अट मोडली, तर धाडणाऱ्या संस्थानानें सोंपवणुकीच्या लांबलचक खटपटीशिवाय त्यास परत न्यावयाचें. माग आणि हमी या दोहोंची एकाच दस्तऐवजांत घातलेली ही सांगड होय.

हिंदुस्थानांत असा सर्व राज्यांचा करार झालेला नाहीं. झाला, तर तो परदेशचें अनुकरण ठरणार नाहीं. पुण्याच्या आसपास आज देशाच्या कानाकोपऱ्यांतून आलेले लोक इमारती बांधतात, कारखान्यांत राबतात, पत्र्याच्या खोल्यांतून राहतात. त्यांपैकीं एखाद्याच्या हातून पहिलाच अपराध घडला, तर कोर्टापुढें उभा राहून हमी घेणारा ओळखीचा मनुष्य त्यास या शहरांत कोठून मिळावा? कायम घर दाखवितां न आल्यामुळें तो कायद्यानें देऊं केलेल्या सवलतीस मुकतो, आणि ज्यास गांवीं चार माणसें सांभाळून घेण्यास तयार आहेत, तो येथें भिंतीआड बसतो. त्याचा गुन्हा इतरांएवढाच असतो. शीव मात्र त्याच्या वांट्यास अधिक येते.

जुन्या काळच्या दोन अडाणी गांवांनीं शिवेवर उभें राहून एकमेकांचा शब्द मानला, तेव्हां चोराचा माग पुढें सरकत असे. त्याच दगडापाशीं माणसाची हमीहि एका हातांतून दुसऱ्या हातांत देतां आली पाहिजे. पहिली गोष्ट आपल्या वाडवडिलांनीं कायद्यावांचून साधली होती; दुसरी साधण्यास आज कायदा आहे, अधिकारी आहेत, तारायंत्राहून वेगवान साधनें आहेत. दोन शिवांवरील माणसांनीं एकमेकांस बोलावून घेणें, एवढेंच काय तें उरलें आहे.